पुरे म्हणणारा व्याही

माझं नाव सुकुमार मगदूम. नाव ठेवलं तेव्हा मी अडीच किलोंचा होतो, त्यामुळे आई-वडिलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ही गोष्ट सुरू झाली त्या वर्षी, म्हणजे २०३७ साली, मी बावन्न वर्षांचा आणि एकशे अठरा किलोंचा होतो. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होतो. उसाची भरलेली गाडी काट्यावर आली की एक आकडा घ्यायचा, रिकामी होऊन परत आली की दुसरा. केबिनमधून उतरताना चुकून माझा पाय काट्याच्या पत्र्यावर पडला तर आकडा शंभरानं पुढं सरकायचा आणि ड्रायव्हर लोक खिदळायचे. त्या सुमाराला निम्मे ट्रॅक्टर विनाचालक झाले, म्हणून खिदळणारेही निम्म्यावर आले. विज्ञानानं माझ्यावर केलेला हा पहिला उपकार.

पण माझं खरं दुखणं वजन नव्हतं, भीड होती. मला कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. एकाच दिवशी दोन कंपन्यांचे दोन विक्रेते घरी आले आणि मी पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं घेतली. दुसऱ्याला पहिलं दिसू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला. कॉलनीतल्या चार समित्यांचा मी सचिव होतो. माझा मावसभाऊ बाबगोंडा दर रविवारी माझी गाडी घेऊन जायचा आणि मी बायकोला घेऊन बसनं फिरायचो. पंगतीत तर माझ्यावर वाढप्यांचा विशेष लोभ. ‘घ्या की’ म्हटलं की मी घ्यायचो. आमच्या जैन घरांत ताटात उष्टं टाकायची पद्धत नाही, म्हणून घेतलेलं सगळं संपवायचो. वजन वाढायला आणखी काय लागतं?

मिरजेच्या डॉक्टर शमा मुजावर कारखान्यात आल्या त्या जुलैमध्ये. त्यांना संशोधनासाठी पंचेचाळीस ते साठ वयाची, वजनदार, आजवर व्यायामाच्या वाटेला न गेलेली चाळीस माणसं हवी होती. सहा महिने नियमित व्यायाम केल्यावर मेंदूच्या आतल्या जोडण्यांत काय फरक पडतो, हे त्यांना बघायचं होतं. कारखान्यातली बाकीची मंडळी पटापट सबबी सांगून सटकली. मला म्हणाल्या, “मगदूम, येणार ना?”

आता काय सांगू? मला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर एक राखाडी टोपी चढवली. आंघोळीच्या वेळी बायका घालतात तशी दिसणारी, आतून बारीक दिव्यांनी भरलेली. त्या दिव्यांचा प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्त किती ऑक्सिजन घेऊन पोचलं ते टिपतो. जुनी यंत्रं वरवरचंच बघू शकायची. हे नवं यंत्र पार तळापर्यंत डोकावायचं.

समोरच्या पडद्यावर माझा मेंदू दिसायला लागला. त्यात ठिकठिकाणी ठिपके आणि ठिपक्यांना जोडणारे धागे.

“मेंदूचे भाग एकेकटे काम करत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन भाग एकाच लयीत कमी-जास्त होत असले, तर त्यांच्यात जोडणी आहे असं आम्ही धरतो. हा जाड धागा म्हणजे पक्की जोडणी. हा बारीक म्हणजे सैल.”

“आणि हा तुटका-तुटका दिसतोय तो?”

“तो तुमच्या पोटाचा निरोप.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हा खोलातला भाग शरीराच्या आतल्या खबरा गोळा करतो. पोट भरलं, दम लागला, छाती धडधडली, सगळं. आणि हा कपाळामागचा भाग ठरवतो की आता काय करायचं. अंगावर मेद फार साठला की मेंदूवर इन्शुलिनचा हवा तसा परिणाम होत नाही आणि या दोघांमधली जोडणी ढिली पडते. पोट बिचारं ‘पुरे’ म्हणून निरोप धाडतं. तो वर पोचेपर्यंत तुम्ही हात धुऊन बडीशेप खात असता.”

“आणि चालण्यानं तो पोचतो?”

“स्नायू कामाला लागले की रक्तात काही रसायनं सोडतात. ती मेंदूत जाऊन जोडण्यांची डागडुजी करतात. वजन फारसं उतरलं नाही तरीही. पण रोजच्या रोज हवं. एक दिवस दहा किलोमीटर आणि मग पंधरा दिवस कौतुक, असं चालणार नाही.”

ठरलं ते असं: आठवड्यातून पाच दिवस, सकाळी पाऊण तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगानं चालायचं. दर शनिवारी मिरजेला जाऊन टोपी.

पहिला महिना मी चाललो असं म्हणवत नाही. कॉलनीपासून कालव्याच्या पुलापर्यंत मी स्वतःला नेलं आणि परत आणलं. दम लागायचा, बोलता येत नसे. माझी मुलगी ऋजुता उसावर औषध फवारणारे ड्रोन चालवायची. सकाळी शेताकडं जाताना ती मुद्दाम एक ड्रोन माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ठेवायची आणि त्याच्या भोंग्यातून ओरडायची, “पप्पा, उजवीकडून गोगलगाय पुढं गेली!” आमच्या घरात बारीक म्हणाल तर फक्त छत्री. ऋजुताही माझ्याच वळणावर गेलेली, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही आणि ती हसायला लागली की समोरच्यालाही हसू यायचं.

तीन महिन्यांत वजन चार किलो उतरलं. बायकोच्या, त्रिशलाच्या मते त्यातले दोन किलो बुटांचे होते.

*

चौथ्या महिन्यात, गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, कारखान्याच्या कँटीनमध्ये मी जेवत होतो. तिसरी पोळी अर्धी झाली होती आणि मला एकदम आतून काहीतरी कळलं. आवाज नाही, कळ नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी येऊन बसल्याचं कळावं तसं कळलं. पुरे.

मी इतका दचकलो की आजूबाजूला बघितलं. बावन्न वर्षांत ही खबर मला पहिल्यांदा वेळेवर मिळाली होती. पुढं वाढायला आलेल्या माणसाला मी म्हटलं, “नको.” त्यानं सवयीनं वाढायला हात पुढं केला. मी ताट मागं ओढलं.

इथवर सगळं डॉक्टरांच्या अपेक्षेप्रमाणं चाललं होतं. पण गंमत अशी की ‘पुरे’ पोटापुरतं थांबायला तयार नव्हतं.

त्या रविवारी बाबगोंडा आला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं हात पुढं केला. “दादा, चावी.”

“नाही,” मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेल्यावर मलाच भीती वाटली. बाबगोंडा तर उठून उभा राहिला. “वैनी, ओ वैनी! दादाचं तोंड वाकडं झालंय काय बघा लवकर. मला न्हाई म्हणाला!”

त्रिशला स्वयंपाकघरातून धावत आली. मी तिला सांगितलं, “तयार हो. आपण दोघं गाडीनं औदुंबरला जाऊ.” ती बिचारी दारातच बसली. संध्याकाळी घाटावर बसून तिनं मला विचारलं, “अहो, हे औषध दुसऱ्यांच्या नवऱ्यांना मिळतं का?”

मग कारखान्यात एका संचालकाच्या भाच्याचा ट्रक नंबर मोडून थेट काट्यावर आला. दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मी मान खाली घालून वजन करायचो. या खेपेला मी खिडकी उघडून म्हटलं, “मागं जा आणि नंबरानं या.” मागच्या रांगेतल्या ड्रायव्हरांनी असे काही हॉर्न वाजवले की विनाचालक ट्रॅक्टरांनाही धोका वाटून ते आपोआप बंद पडले. दोन तास काटा बंद होता. पण भाचा नंबरानं आला.

शनिवारी मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्या पडद्याकडं बघत होत्या. तुटका धागा आता सुतळीएवढा दिसत होता.

“पोट भरल्याची आणि मन विटल्याची खबर शेजारी-शेजारीच पोचते,” त्या म्हणाल्या. “रस्ता पक्का झाला की दोन्ही येणार. तुम्ही एकटे नाही. मिरजेतल्या एका मुख्याध्यापकांनी संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण विसाव्या मिनिटाला ‘पुरे’ म्हणून थांबवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी जावेला घरी येऊन राहायला नको म्हणून सांगितलं. आमच्या प्रश्नावलीत भिडेवर प्रश्नच नव्हता हो! आता पुढच्या वेळी घालावा लागेल.”

मी घरी आलो तो हवेत. चार समित्यांचे राजीनामे एका कागदावर लिहिले. खरं सांगतो, त्या आठवड्याइतका सुखी मी कधीच नव्हतो.

आणि मग जानेवारीत, चालण्याला सहा महिने होत आले असताना, जयसिंगपूरहून फोन आला.

*

ऋजुतानं स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं होतं. ड्रोनच्या परवान्याचं शिक्षण घेताना तिला अभिनंदन चौगुले भेटला. शांत, उंच, कानामागं पेन खोचणारा मुलगा. जयसिंगपुरात ड्रोन दुरुस्त करायचा. दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दोन्ही घरं एकाच समाजातली, त्यामुळे कुणी आडवं आलं नाही. फोन होता साखरपुड्याची तारीख ठरल्याचा. फेब्रुवारीत, चोवीस दिवसांनी.

त्रिशला फोन ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मला तिच्या मनातलं कळलं.

अभिनंदनचे वडील भूपाल चौगुले भांड्यांचे मोठे व्यापारी आणि आग्रहासाठी पंचक्रोशीत नावाजलेले. चौगुल्यांच्या घरची एक रीत होती. साखरपुड्याच्या पंगतीत दोन्ही व्याही शेजारी बसतात. मुलाचा बाप मुलीच्या बापाला स्वतः जिलेबी वाढतो आणि जितक्या वाढेल तितक्या स्वतःही खातो. आकडा विषम हवा. आजवर सातच्या खाली एकच जण थांबला होता. भूपालरावांच्या थोरल्या मुलाची पहिली सोयरीक याच पायी मोडली होती. त्या मुलीच्या काकांनी, वडील नव्हते म्हणून ते बसले होते, गोड सोडण्याचा धार्मिक नियम घेतलाय असं सांगून ताट मागं सारलं. नियम म्हटल्यावर आमच्यात कुणी आग्रह करत नाही. पण आठवड्यानं ते गृहस्थ दुसऱ्या एका लग्नात श्रीखंडाची वाटी तोंडाला लावताना सापडले. भूपालरावांनी सुपारी परत पाठवली. तेव्हा खोटा नियम सांगायची वाटही बंद झाली होती.

“पूर्वीचे तुम्ही असता तर काळजी नव्हती,” त्रिशला म्हणाली. “अकरा खाल्ल्या असत्यात. आता तिसऱ्याला पुरे म्हणाल आणि माझी पोर घरी बसेल.”

“मी नाही म्हणणार.”

“तुम्ही बाबगोंडालाही म्हणणार नव्हता.”

ती उठली, माझे चालायचे बूट उचलले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. “साखरपुडा होईस्तोवर व्यायाम बंद. जोडणी चालून घट्ट झाली ना? मग बसून सैल होऊ दे.”

तर्काला तर्क म्हणून यात काही चूक काढता येत नव्हती. ऋजुता तेवढी म्हणाली, “मम्मी, हे काहीतरीच काय? पप्पा, तुम्ही चाला. बघू काय व्हायचं ते होईल.” पण त्याच संध्याकाळी ती साखरपुड्याची साडी अंगाला लावून आरशासमोर उभी होती आणि स्वतःशीच हसत होती. मी दारातून बघितलं आणि मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसलो.

तीन आठवडे मला बसवून ठेवलं. कामावर जायला रिक्षा, यायला रिक्षा. पाणीसुद्धा हातात. जेवताना दोन पोळ्या जास्त. माझी चिडचिड व्हायला लागली, झोप मोडली, पाय आपोआप हलायला लागले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मी पावलं टाकतोय हे त्रिशलानं पकडलं आणि माझ्या मांडीवर तांदळाचा डबा निवडायला ठेवला.

तिसऱ्या शनिवारी मिरजेला टोपी घातली. डॉक्टरांनी माझा चेहरा बघितला, पडदा बघितला आणि विचारलं, “चालणं बंद केलंत?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसू दाबायचा प्रयत्न केला, आणि शेवटी चांगल्याच रागावल्या. “मगदूम, जगात लोक मेंदू सुधारायला धडपडतात. तुम्ही बिघडवायला बसलाय? तेही जिलेबीसाठी?”

“मुलीसाठी,” मी म्हणालो.

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. सुतळी जशीच्या तशी होती. जरा कुठं एक पदर विसविशीत झालेला. “सहा महिन्यांत झालेली जोडणी तीन आठवड्यांत जात नाही. पंगतीत तुम्हाला पुरे कळणार. मी काही करू शकत नाही. हवं तर चिठ्ठी देते.”

चिठ्ठी घेतली. घरी आल्यावर मी धीर करून भूपालरावांना फोन लावला आणि वैद्यकीय कारणानं गोड कमी खातो असं सांगितलं. पलीकडून मोठं हसू ऐकू आलं.

“अवो पाव्हणं, डाक्टर न्हाईच म्हणणार की! त्येंचं कामच हाय त्ये. त्येंनाबी घेऊन या. दोन जिलेब्या पोटात गेल्या की त्येबी चिठ्ठी फाडतील.”

आमच्या लोकांत ‘नको’ला काही अर्थच उरलेला नाही, हे मला त्या क्षणी कळलं. पहिलं ‘नको’ म्हणजे संस्कार, दुसरं लाज आणि तिसरं म्हणजे आणखी थोडा आग्रह करा. खरोखरच नको असेल तर काय म्हणायचं, याची तरतूदच कुणी करून ठेवलेली नव्हती.

*

जयसिंगपूरचं मंगल कार्यालय, दुपारचे बारा. तीनशे माणसं. तिथं आपोआप फिरून वाढणाऱ्या गाड्या होत्या, पण भूपालरावांनी त्या कोपऱ्यात लावून वर चादरी टाकायला लावल्या होत्या. “आग्रह कराय माणूस लागतो,” ते सगळ्यांना सांगत होते. गुलाबी फेटा, पांढऱ्या मिशा, माझ्यापेक्षा दोन बोटं रुंद पोट. मला मिठी मारली तेव्हा आम्हा दोघांचे हात एकमेकांच्या पाठीवर पोचेनात.

साखरपुडा छान झाला. अंगठ्या घातल्या, पेढे भरवले. मग पंगत बसली. समोरच्या रांगेत ऋजुता आणि अभिनंदन, भोवती रांगोळी. पलीकडं बायकांच्या रांगेत त्रिशला आणि विहीणबाई. त्रिशलानं मला लांबूनच डोळ्यांनी दम दिला.

परातीतून गरम जिलेबी आली. भूपालरावांनी पहिली वाढली. काय सांगू, अप्रतिम होती. दुसरीही खाल्ली. मसालेभात, मठ्ठा, गप्पा, सगळं मजेत. तिसरी अर्धी झाली आणि आतून ती खबर आली. स्पष्ट, वेळेवर, डॉक्टर म्हणाल्या होत्या तशी. मी तिसरी संपवली.

“नको आता.”

“घ्या की ओ! लाजताय व्हय?” चौथी.

आता ‘पुरे’ येऊन बसलं नाही, उभं राहिलं. मी समोर ऋजुताकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिच्या ताटात काहीच हललं नव्हतं. मी तिला बघून हसलो, निदान हसायचा प्रयत्न केला, आणि चौथी खाल्ली. मनात एकच होतं, पोरीचं लग्न. माझ्या बेचाळीस इंची कमरेत सात काय, सतरा मावतील. फक्त तोंड बंद ठेवायचं.

“नको, खरंच नको.”

“हा! आता कसं रंगात आलं!” पाचवी.

मी ताटावर हात आडवा धरला. भूपालरावांनी प्रेमानं तो हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि वाढली. त्यांनी स्वतःच्या ताटातही वाढून घेतली. त्यांच्या कपाळावरून घामाची धार फेट्याखालून मिशीपर्यंत आली होती. प्रत्येक घासामागं ते मठ्ठ्याचा घोट घेत होते आणि घोट गिळताना डोळे मिटत होते. ते मला दिसत होतं, पण माझं मलाच निस्तरत नव्हतं, त्यांचा विचार कोण करणार?

पाचवी कशी संपली ते मला आठवत नाही. भूपालरावांनी सहावी उचलली. जिलेबीतून पाक माझ्या ताटात टपटपत होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान वर केली, तोंड उघडलं.

तेवढ्यात ताटावर एक हात आला. पाच बोटं पसरलेला, हिरव्या बांगड्यांचा.

ऋजुता पंगत ओलांडून आली होती. चालू पंगतीत कुणी असं उठत नाही. वाढपी जागच्या जागी थांबले. पलीकडं त्रिशला अर्धी उठलेली मला दिसली.

“मामा,” ऋजुता भूपालरावांना म्हणाली, “पप्पांचं पुरे झालं.”

भूपालराव हसले. “आगं पोरी, त्ये म्हणायचंच असतंय. आमच्यात समदी न्हाईच म्हणत्यात.”

“समदी म्हणत्यात. पण यांचं खरं आहे. मघापासून मी त्यांच्या तोंडाकडं बघतेय. तिसरीलाच झालं होतं. माझ्यासाठी खातायत.”

“ऋजुता, जा बाळ जाग्यावर,” मी कसंबसं म्हणालो. “मी खातो. मला काही होत नाही.”

“पप्पा, तुम्ही गप्प बसा.” तिचा आवाज कापत होता, पण हात हलला नाही. “मामा, सोयरीक मोडायची तर मोडा. मी रडेन, पण माझ्यापायी मी त्यांना असं खाऊ देणार नाही. आणि एक सांगू? तुमचंही तिसरीलाच झालंय. तुमच्याही तोंडाकडं बघतेय मी.”

मला वाटलं संपलं. सहा महिने चालून, चोवीस दिवस बसून, पाच जिलेब्या खाऊन शेवटी व्हायचं तेच झालं. आणि तरीही, लपवून काय करू, मला माझ्या मुलीचा इतका अभिमान वाटला की छाती दुखली. माझ्या मेंदूत जे घट्ट व्हायला अर्धं वर्ष आणि एक टोपी लागली, ते तिनं समोरच्या रांगेत बसून नुसतं बघून ओळखलं होतं.

भूपालरावांनी हातातल्या जिलेबीकडं बघितलं. मग ऋजुताकडं बघितलं. मग सावकाश ती जिलेबी परातीत परत ठेवली.

“चाळीस वरसं भावकीच्या समद्या साखरपुड्यांत मीच वाढतोय,” ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. “बाप वाढायचा म्हणून मी वाढतोय. दर साखरपुड्याला रातभर पोट धरून बसतोय. मला कुणी इचारलं न्हाई कधी, भूपाल, तुझं झालं का म्हणून.” त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि घाम पुसला. “झालंय बाळ. तिसरीलाच झालंय.”

“इतकी वर्षं मी तेच सांगतीया!” बायकांच्या रांगेतून विहीणबाईंचा आवाज आला. “पर माझं कोण ऐकतंय? आणि माझंबी झालंय. ये बाबा, तिकडं ने ती परात.”

“माझंही पुरे,” त्रिशला म्हणाली आणि तिनं ताटावर हात ठेवला.

मग बाबगोंडानं ठेवला. मग त्याच्या शेजारच्या एका अनोळखी म्हाताऱ्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात ताटांवर पडत गेले. तीनशे माणसांत कुणालाच नको होती आणि प्रत्येक जण शेजाऱ्यासाठी खात होता. कुठंतरी कुणीतरी हसायला लागलं. भूपालरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तीही जरा बेतानं, पोटाला धक्का बसू नये म्हणून. “पाव्हणं, लगीन वैशाखात करू. सून मी सोडतोय व्हय असली?”

मी नुसती मान हलवली आणि हुंदका मठ्ठ्याबरोबर गिळला.

वाढपी मात्र भरलेली परात घेऊन मधोमध उभा होता. “मालक,” त्यानं विचारलं, “मग हेचं काय करायचं?”

ऋजुता आपल्या जागेवर परत गेली होती. डोळे पुसून, बांगड्या मागं सारून ती मांडी घालून नीट बसली. तो एक पेढा सोडला तर सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

“इकडं आणा,” ती म्हणाली. “मला दोन हव्यात.”

त्यानं दोन वाढल्या. आम्ही सगळे बघत असताना तिनं त्या सावकाश, मजेत, पाक चाटून खाल्ल्या. कुणी आग्रह केला नाही. दुसरी संपल्यावर अभिनंदननं हळूच विचारलं, “अजून?”

तिनं जरा विचार केला.

“अर्धी,” ती म्हणाली.